लाख रुपये आणि एक महिना

मैत्रिणींनो, ‘लाखाची गोष्ट’ तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिलाय? १९५२ चा चित्रपट. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखन-गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं. मालती पांडे नि आशा भोसले यांची त्यातली गाणी रेडिओवर लागली की अजूनही तव्यावरची पोळी करपते!

गोष्ट मोठी गमतीची. कफल्लक तरुण श्रीमंताच्या मुलीच्या प्रेमात पडतो. मुलीचे वडील काय करतात, तर लाख रुपये हातावर ठेवतात नि म्हणतात, महिन्यात संपवून दाखव. तेव्हा तोळाभर सोनं शंभर रुपयांच्या आत मिळे. म्हणजे हजार तोळ्यांची रक्कम! आणि त्यातले नायक राजा गोसावी? पुण्याच्या ‘भानुविलास’च्या खिडकीत बसून स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटं विकत होते म्हणे.

मला वाटतं, ही अट घरातल्या बाईला घातली असती तर चित्रपट अर्ध्या तासात आटपला असता. वाण्याची उधारी, नणंदेचं लग्न, गळकं छप्पर... पण तिला विचारतंय कोण?

आपल्या आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, कड्यावरच्या आहुप्याकडे एकरकमी पैसा दिसतो तो बाळहिरड्याचा. उन्हाळ्यात कोवळी फळं पाडायची, वेचायची, काळी होईतो वाळवायची. त्यात बायकांचे हात किती! त्याच पैशात पावसाळ्याचा किराणा नि मुलांच्या वह्या. जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातला हिरडा गेला, नि भरपाई मागण्यात लोकांची वर्षं गेली. तिथे पैसा अवचित येत नाही, अवचित जातो.

तुमच्या घरी पगाराचा फरक, भिशी, विम्याची रक्कम आली, तर सिनेमाच्या उलट करा. महिनाभर हातच लावू नका. तोवर देण्यांची यादी काढा. ज्याचं व्याज जास्त, ते आधी. गहाण टाकलेल्या बांगड्या फ्रिजच्या आधी सोडवायच्या, बरं का! यादीला ‘ह्यां’ना बसवाच, नाहीतर तुम्ही यादी करेपर्यंत स्कूटर दारात उभी. आणि पासबुक एकदा उघडून बघा: खातं दोघांच्या नावे आहे का, ‘दोघांपैकी कोणीही’ पैसे काढू शकतं का, नि वारसाच्या रकान्यात लग्नाआधीचं सासूबाईंचंच नाव तर राहिलेलं नाही ना.