प्रवासाची दुसरी शिदोरी

डिसेंबर जवळ येऊ लागला, की संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाची ओढ लागते. ३ तारखेच्या त्या सणास जुन्या गोव्यात पोहोचावे म्हणून वडोदऱ्यास नोकरीधंद्यानिमित्त राहणारी आपली काही तरुण मुले मोटरसायकलवरूनच निघण्याचा बेत करतात. वाट सुमारे १००० किलोमीटरची. भरूच, सुरत, वापी मागे टाकीत ती आपल्या वसईवरून पुढे कोकणात उतरते. आई डबा भरून देते, जपमाळ आठवणीने खिशात घालते. परंतु गाडीची शिदोरी कोणी बांधावयाची?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो शहाणपणामुळे नव्हे, फजितीमुळे. अशाच एका प्रवासात नर्मदेचा पूल ओलांडून आम्ही अंकलेश्वरच्या पुढे आलो आणि क्लचची केबल तुटली. दिवस कलला होता. पिशवीत नवी केबल होती. ती बसवावी कशी, हे मात्र ठाऊक नव्हते. तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला ती हातात धरून बसलो. अखेर एक अनोळखी मोटरसायकलस्वार थांबला. त्याने थोड्याच वेळात केबल बसविली, हात पुसले आणि एवढेच विचारले, "घरी एकदा बसवून पाहिली नव्हती का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम असा, की जी वस्तू बरोबर घ्यावयाची, तिचा उपयोग आधी हातास शिकवावा. वडोदऱ्यास हा विचार नवा नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९० साली तेथे कलाभवन उघडले, ते तरुणांच्या हातांस हुन्नर यावा म्हणूनच. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी.

आता पिशवीत काय असावे ते पाहू. आपल्या गाडीच्या नटबोल्टांना बसतील तेवढेच पाने, अॅलन-की, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लगचा पाना. मागच्या चाकाचा नट मोठा असतो. त्याचा पाना गाडीबरोबर मिळालेल्या संचात नसेल, तर वेगळा घ्यावा. ट्यूबचे टायर असल्यास ट्यूब, टायर उचकटण्याच्या दोन पट्ट्या आणि पंप. ट्यूबलेस असल्यास पंक्चरच्या वाती, त्या घालण्याची हत्यारे आणि पंप. सुट्या भागांत स्पार्क-प्लग, क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबली, फ्यूज, दिव्याचा बल्ब आणि चेनलॉक. शिवाय चिकटपट्टी, थोडी तार, विजेरी आणि जुने फडके.

शिकण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेस असावे, नाहीतर ती निसटण्याचा धोका असतो. प्लग प्रथम हातानेच फिरवावा. पाना लावून जबरदस्ती केल्यास आटे जातात. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा, तार कदापि नव्हे. तारेने गाडी पेट घेऊ शकते. सुटी क्लच-केबल जुन्या केबलीच्या कडेनेच बांधून ठेवावी, म्हणजे अंधारात वाट शोधावी लागत नाही. इंधन-इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत रस्त्यावर बसून करण्यासारखे फार उरलेले नाही. तेथे फ्यूज व बॅटरीची जोडणी पाहावी, आणि तेवढ्याने न भागल्यास राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी.

आणखी एक सूचना, आणि ती मातापित्यांनी आवर्जून द्यावी. लोखंडी हत्यारे खिशात किंवा पाठीवरच्या पिशवीत ठेवू नयेत. पडण्याची वेळ आलीच, तर रस्त्यापेक्षा तीच अधिक इजा करतील. ती गाडीवरच, खाली आणि घट्ट बांधावीत. आणि दुरुस्तीस बसण्यापूर्वी गाडी रस्त्यापासून दूर न्यावी.

कोणी म्हणेल, एवढे ओझे कशाला? प्रभूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची त्याला दया आली, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु त्याच्या जखमांवर ओतावयास तेल आणि द्राक्षारस त्याच्याजवळ होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्याच्या दयेच्या उपयोगी पडेल असे काही त्याच्या सामानात होते. अंकलेश्वरजवळ थांबलेल्या त्या माणसापाशीही दया होती, आणि शिकलेले हातही होते.

म्हणून, मुलांनो, निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सेहून आल्यावर गाडी अंगणात घ्या. चाक काढा, पुन्हा बसवा; केबल सोडवा, पुन्हा जोडा. हात काळे होतील, होऊ द्या. वाटेत कोणाची तरी गाडी बंद पडलेली असेल. त्याच्याजवळ थांबाल, तेव्हा नुसती सहानुभूती देऊन पुढे जावे लागू नये.