रूम पार्टनर म्हणून गिनीपिग?

सिलॅबस बदलला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, "आमची बॅच म्हणजे गिनीपिग!" आता आमच्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरची मंडळी खरोखरच गिनीपिगची जोडी आणणार आहेत. वर्गणीसुद्धा जमली. माझा मात्र या बेताला विरोध आहे. रेक्टर सर ओरडतील म्हणून नव्हे, तर मी ते पाळलेत म्हणून.

सातवीत असताना बाबांच्या मागे महिनाभर भुणभुण लावली आणि इथल्याच बाजारातून दोन गिनीपिग आणले. विकणारा म्हणाला, "दोन्ही नर हाईत. काय बी खात्यात, काळजी करू नका." दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

दुसरी आधी कळली. मी त्यांना चुरमुरे, भाकरीचे तुकडे, भिजवलेले हरभरे घालायचो. आवडीने खायचे बिचारे. तिसऱ्या आठवड्यात भिकू मागचे पाय ओढत चालायला लागला. हात लावला की किंचाळायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हिरवं काय घालता?" मी गप्प. माणसासारखंच या प्राण्याच्या शरीरातही सी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं, हे त्या दिवशी समजलं. त्याच रात्री भिकू गेला.

पुढे वाचनात आलं, की १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख या शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे पूर्वी लांबच्या सफरीवर खलाशांना व्हायचा तोच रोग. त्यांचा तो प्रयोग होता. मी तोच प्रयोग घरी नकळत केला, तोही लाडाने!

राहिलेल्या चेंडूला मग रोज ढोबळी मिरची, पेरूची फोड आणि गल्लीतल्या म्हशीवाल्या काकांकडून मूठभर हिरवी वैरण. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. काका हसायचे, "म्हशीपरास ह्येचीच बडदास्त जास्त की रं!" पुढे चेंडूला तीन पिल्लं झाली तेव्हा विकणाऱ्याची पहिली थापही उघडी पडली. (बाबांनी ती पिल्लं कुणाकुणाच्या गळ्यात मारली ते विचारू नका.) प्लॅस्टिकची पिशवी वाजली की चेंडू शिट्टीसारखी ओरडायची. चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत आम्ही सगळे मिळून एकदाही गावाला गेलो नाही, कुणीतरी मागे राहायचंच.

आता हॉस्टेलचं पाहा. सबमिशनच्या आठवड्यात आपल्याला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते. मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब कसा तापतो ते तिथे राहणाऱ्यांना मी काय सांगणार? या प्राण्याला घाम येत नाही, उकाड्याने तो मरतो. पावसाळ्यातली आपली ओल तर त्याहून वाईट. "टेन्शन जातं रे, मजा येते," असं मित्र म्हणतात. खरंय, जातं. मी दहावीचा अभ्यास चेंडूला मांडीवर घेऊनच केला. पण माझं टेन्शन जावं म्हणून ती आमच्या घरी आली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत जोडी कुणाच्या घरी जाणार, हे तिसऱ्या मजल्याने आधी ठरवावं. नाव पक्कं झालं की मला सांगा. चेंडूचा पिंजरा आमच्या माळ्यावर आहे, धुऊन आणून देतो.