किक मारण्याआधी कॉक बंद करा



धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या अलीकडे आमची जुनी स्कूटर बंद पडली. दुपारची वेळ, ऊन वैशाखाचे. आम्ही चोक ओढला, गाडी आडवी केली आणि किकवर किक मारीत राहिलो. पेट्रोलचा वास सुटला, पण गाडी काही सुरू होईना. रस्त्याकडेला पंक्चर काढणारे एक वयस्क मिस्तरी उठून आले. म्हणाले, "भाऊ, किका मारीसन काय व्हई? पहिले कॉक बंद करा."

त्या दिवशी जे शिकलो, ते आज सांगतो.

पेट्रोलची चेतक १९७२ साली आली. ती बनणे बंद होऊन पंधरा वर्षांवर काळ लोटला, तरी आपल्या वस्त्यांत अशा जुन्या गाड्या अजून कामावर नेतात-आणतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला. नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि जुने काम जाणणारे हातही कमी होत चालले. म्हणून थोडे आपणच शिकलेले बरे.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल-कॉक असतो. पाणी भरले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बुरेटरच्या वाटीतही तसेच आहे. पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि छोटी सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईखाली कचरा अडकला, सुई झिजली किंवा फ्लोटला भोक पडून तो जड झाला, तर वाट बंद होत नाही. पेट्रोल ओव्हर होते, प्लग ओला होतो आणि ठिणगी पडत नाही. अशा वेळी चोक ओढणे वा गाडी आडवी करणे म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजणे.

मग करावे काय? कॉक बंद करा, चोक आत ढकला. इंजिन गार होऊ द्या. प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल जास्त होते आहे, कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ओला प्लग पुसून वाळवा. चावी बंद ठेवून, प्लग काढलेलाच असताना आठ-दहा किका मारा, म्हणजे आतले जादा पेट्रोल बाहेर पडेल. त्या वेळी जवळ विडी-काडी नको. थोडे थांबा, प्लग बसवा आणि कॉक बंद ठेवूनच, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा. गाडी सुरू झाली की कॉक उघडा.

पुन्हा तसेच झाले तर वाटी उघडावी लागेल. सुई व तिची बैठक साफ करा. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे, बदलावा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते, आणि जुने रबरी पाइप व वॉशर त्यात लवकर खराब होऊ शकतात. तेही तपासा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरांत जागा थोडी. रात्री गाडी आत घेतात, पलीकडे शेगडी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत जाते. म्हणून गाडी लावताना कॉक रोज बंद करा. गळणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेरच ठेवा. रात्री वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. दार-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि गाडी ढकलत बाहेर न्या.

घरातली बाई "वास येतोय" म्हणाली, तर "गाडी आहे, वास येणारच" असे आम्हीही एकेकाळी म्हणत होतो. आता म्हणत नाही. उठतो आणि कॉक पाहतो.