नवी बॅट घेतलीत? आधी सहा तास ठोका, मगच मैदानात उतरा!

नाहूरमध्ये आमच्या इमारतीत भरदुपारी टक-टक असा आवाज येऊ लागला, की समजायचे : कुणाच्या तरी घरी नवी बॅट आली आहे. शेजारी वैतागतात, पण माझे मत ठाम आहे. हा आवाज येतोय म्हणजे कुणाचे तरी पैसे वाचत आहेत.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी हा आवाज टाळला होता. बॅटवर 'रेडी टू प्ले'चा स्टिकर होता. तिसऱ्याच नेटमध्ये यॉर्कर लागला आणि खालच्या कडेचा ढलपाच निघाला. बाबांनी बोनसच्या पैशातून घेतलेली बॅट होती ती. ते काही बोलले नाहीत, हे जास्त लागले.

नॉकिंग कशासाठी?
इंग्लिश विलो हे मऊ लाकूड. कारखान्यात पाते यंत्राने दाबलेले असते, पण सीझन बॉलचा मार झेलण्यासाठी ते पुरेसे नसते. लाकडी हातोडीने (मॅलेट) हळूहळू ठोकल्यावर वरचे तंतू दाबले जाऊन घट्ट थर तयार होतो. टेनिस बॉलने खेळणाऱ्यांना मात्र या खटाटोपाची गरज नाही.

तेल कोणते, किती?
कच्चे अळशीचे (जवसाचे) तेल. रंगकामाचे उकळलेले नको. चमचाभर तेल पात्याची पुढची बाजू, कडा आणि टोकाला (टो) पातळ चोळा आणि बॅट आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात पुरे. दांडा पात्यात बसवलेला भाग आणि स्टिकर यांना तेल लावू नका. पुढे पारदर्शक शीट असेल, तर शीटवर तेलाचा उपयोग नाही. जास्त तेलाने बॅट फक्त जड होते.

ठोकायचे कसे?
रोज १५-२० मिनिटे, एकूण साधारण सहा तास. सुरुवात अगदी हलक्या हाताने करा, मग जोर वाढवा. कडांवर तिरके, ४५ अंशांत ठोका, म्हणजे त्या गोलसर होतात. टोकावर सरळ आणि पाठीवर कधीच ठोकू नका. मग जुन्या सीझन बॉलवर हलके फटके मारून पाहा. शिवणीचे खोल वळ उठले, तर अजून ठोकायला हवे.

मुंबईचा खरा शत्रू : ओल
कांगा लीग १९४८पासून सुरू आहे आणि ती पावसाळ्यातल्या ओल्या खेळपट्ट्यांसाठीच ओळखली जाते. स्टान्स घेताना बॅट आपटली, की टोकातून पाणी आत शिरते, लाकूड फुगते आणि फुटते. म्हणून टो गार्ड बसवा. भिजलेली बॅट पुसून सावलीत सुकवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नव्हे. ओल्या किटबॅगेत तर ती रात्रभर ठेवूच नका.

मशीन नॉकिंगचे काय?
दुकानात पैसे देऊन मशीनवर नॉकिंग होते. सुरुवात म्हणून ठीक, पण कडांचे काम हातानेच नीट होते. हे कौशल्य किती मोलाचे, हे मुंबईला वेगळे सांगायला नको. सचिन तेंडुलकरसह अनेकांच्या बॅट दुरुस्त करणारे अश्रफ चौधरी याच शहरातले. २०२०मध्ये ते आजारी पडले, तेव्हा सचिनने त्यांना मदत केल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आज चांगल्या इंग्लिश विलोची किंमत सहज पाच आकड्यांत जाते. पालकांनो, बजेटमध्ये दोन हजार कमी पडले तर हलक्या ग्रेडची बॅट घ्या, पण मॅलेट नक्की घ्या. आणि ठोकायचे काम मुलालाच करू द्या. सहा तास घाम गाळून तयार केलेली बॅट तो आउट झाल्यावर जमिनीवर आपटणार नाही.

फक्त दुपारी दोन ते चार सोडून ठोका. शेजाऱ्यांनाही झोप लागते.