विमान जुनं होतं म्हणून बंद पडलं?

जळगावच्या विमानाचा विषय निघाला की कट्ट्यावर एकच वाक्य, "एअर डेक्कनने भंगार पाठवलं, म्हणून सेवा बंद पडली." मला नाही पटत भो.

ते बीचक्राफ्ट १९००डी होतं. १९ आसनं, २००२ नंतर उत्पादनच बंद. म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हाच किमान १५ वर्षांचं. पण २०१२ ला उद्घाटन होऊन प्रवासी सेवेविना पडून असलेल्या आपल्या विमानतळाला मुंबईशी आधी जोडलं ते त्यानेच! पुढे २०१९ ला ट्रूजेटने मोठं एटीआर आणलं. ती सेवा तरी कुठे टिकली?

एसटीची दहा वर्षांची गाडी धावतेच की. डेपोत मेकॅनिक असतो, पार्ट असतो, बिघडलीच तर दुसरी गाडी लावतात. विमानाचंही तेच. जुनं स्वस्त पडतं, पण वाचलेला पैसा सुट्या भागांत आणि राखीव विमानात घालावा लागतो. वरून मुंबईत उतरायला सोयीची वेळ हवी. भर दुपारी पोचवलं तर कोर्टाचं, दवाखान्याचं काम होणार कधी? त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी.

उद्या कुणी पुन्हा छोटं जुनं विमान आणलं तर नेत्यांनी हार घालण्याआधी एवढंच विचारावं: हे बिघडलं तर दुसरं कुठाय, आणि मुंबईत किती वाजता उतरणार?