मैदान हलवा, पण परतीची गाडी कोणती?

मुंबईसाठी एक लाख प्रेक्षकांचं नवं क्रिकेट स्टेडियम कुठे उभारायचं, या चर्चेत ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याचं नाव पुढे आलं आहे. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग तिथेच संपतो. नकाशा पाहून पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या माणसाने खरं तर खूश व्हायला हवं. चर्चगेटपेक्षा आमणे त्याला कितीतरी जवळ. पण मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याहून कसारा गाठलं की मुंबईची लोकल मिळते, आमण्याला लोकल जात नाही. समृद्धीवरून मोटारवाला येईल. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने रात्रीचा सामना सुटल्यावर घरी जायचं कसं?

जुनी मैदानं पाडताना किंवा हलवताना एकरांचा आणि आसनांचा हिशेब चोख मांडला जातो. येण्या-जाण्याचा विचार मात्र शेवटी होतो, झालाच तर.

२०११च्या विश्वचषकासाठी वानखेडे नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा मुंबईला ही अडचण आलीच नाही. हाकेच्या अंतरावर ब्रेबॉर्न उभं होतं. गंमत अशी, की तिकिटांच्या वाटणीवरून ब्रेबॉर्नच्या मालकांशी, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी, बिनसलं म्हणूनच सत्तरच्या दशकात वानखेडे बांधलं गेलं होतं. अडीनडीला तेच शेजारी कामी आले. डिसेंबर २००९मध्ये ३६ वर्षांनी ब्रेबॉर्नवर कसोटी झाली, सेहवागने श्रीलंकेविरुद्ध २९३ धावा काढल्या आणि भारत कसोटी क्रमवारीत पहिला आला. प्रेक्षकाचं स्टेशनही बदललं नाही.

नागपूरकरांच्या वाट्याला हे सुख नव्हतं. २००८मध्ये मोठे सामने शहरातल्या सिव्हिल लाइन्समधून वर्धा रोडवरच्या जामठ्याला गेले. स्टेडियम देखणं, यात वाद नाही; पण गांगुलीची अखेरची कसोटी असूनही स्टँड भरले नाहीत. मेट्रो २०१९मध्ये आली, तीही खापरीपर्यंत. जुनं मैदान मोडलं नाही, स्थानिक क्रिकेट तिथे चालू राहिलं, हा निर्णय तेवढा शहाणपणाचा.

प्रेक्षक वर्षातून एखाद-दोनदा जातो, खेळाडूला रोज जावं लागतं. मोखाड्याच्या शेजारच्या हरसूल भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, पण त्यासाठीचा सराव नाशिकला राहून करावा लागला. जिल्हा पातळीवर खेळायचं, तर जव्हार तालुक्यातल्या वावरच्या मुलांसाठी २०१४पर्यंत जिल्ह्याचं ठिकाण ठाणे होतं. जिल्हा वेगळा करताना मुख्यालय जव्हारला हवं, अशी मागणी होती. ते पालघरला गेलं. तिथून जव्हारच सुमारे ७५ किलोमीटर, वावर त्याच्याही पुढे.

म्हणून कुठलंही क्रीडासंकुल पाडण्याआधी पर्यायी मैदान जाहीर व्हावं, आणि पाडकामाच्या निविदेला बसचं वेळापत्रक जोडलेलं असावं, शेवटच्या परतीच्या गाडीसकट. आमण्यालाही हीच अट हवी. आणि एवढा खर्च करायची तयारी असेलच, तर जव्हारला धावण्याचा एक सिंथेटिक ट्रॅक त्या रकमेत सहज बसेल.