फोन नव्हता तेव्हा सांगावा कोण नेत होतं?

दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज फिरून फिरून येतो. मोबाईल नव्हता, इंटरनेट नव्हतं, तरी आमचं बालपण किती सोन्याचं होतं! विहिरीत सूर मारले, कैऱ्या चोरल्या, अख्ख्या आळीत एकच टीव्ही आणि त्याच्यापुढे सगळी पोरं एकत्र, सुट्टी लागली की मामाचा गाव. आणि शेवटी हमखास एक ओळ असते की तेव्हा कोणी कोणाची जात विचारत नव्हतं. परवा हा मेसेज आपल्याच एका ग्रुपवर आला. टाकणारे बंधू शिकले-सवरलेले, नोकरीतून निवृत्त झालेले, डीपीला बाबासाहेबांचा फोटो. खाली अंगठ्यांची रांग लागली. म्हणून हे लिहिणं भाग पडलं. वाड्यात वाढलेल्यांनी आपला वाडा आठवून डोळे पुसावेत, त्याला आमची हरकत नाही. पण त्यांच्या आठवणी आपल्या म्हणून आपण का पुढे ढकलतो?

जात विचारत नव्हते हे अगदी खरं आहे. विचारायची गरजच नव्हती. पोरगं कोणत्या वाटेने शाळेत येतं आणि कोणत्या विहिरीवर पाणी पितं, एवढ्यावर ती कळत होती. विहिरीत सूर मारल्याच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. गावची विहीर आमच्यासाठी पोहायची जागा नव्हती, ती लांबून बघायची जागा होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं, त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी जन्मलेल्या आमच्या पिढीतल्या कित्येकांना आईने हेच बजावलं होतं की तिकडच्या विहिरीकडे फिरकू नको. कैऱ्यांचंही तेच. पाटलाच्या पोराने कैऱ्या पाडल्या तर ती खोडी, आमच्याने पाडल्या तर ती चोरी. पुढे काय व्हायचं ते मेसेज लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल, आम्हाला आहे.

आणि तो एक टीव्ही. 1987 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या घरात कोण बसायचं, उंबऱ्यात कोण बसायचं आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभं कोण राहायचं? 'सगळी पोरं एकत्र' म्हणताना खिडकीबाहेरची पोरं मोजलेली नसतात. मामाच्या गावाचं काय सांगावं! मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांचे आई-बाप आणि मामा-मामी दिवाळीनंतर ऊस तोडायला निघून जायचे आणि पोरं म्हाताऱ्या आजीपाशी राहायची. मुंबईत मामा असला तर त्याची झोपडी नाल्याच्या कडेला. सुट्टीत तिथे गेलो, मजाही केली, नाही म्हणत नाही. पण आमराई काही तिथे नव्हती.

खरा मुद्दा मात्र याहून मोठा आहे. फोन नव्हता म्हणजे निरोप जात नव्हते का? जात होते. गावगाड्याला निरोपावाचून एक दिवस चालत नव्हतं. मग ते निरोप कोणाच्या पायांनी जात होते?

मयत झालं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा न्यायचा महाराने. मग रात्र असो, ओढ्याला पूर असो. पाच कोस असो की दहा, चालत जायचं. घरातलं माणूस मेल्याची खबर सांगायची तीही अंगणाबाहेर उभं राहून. घसा कोरडा पडला तर वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, वसुलीच्या पैशांबरोबर तालुक्याला जायचं, साहेब आला की त्याच्या पुढे चालायचं, चावडीवरचं बोलावणं घरोघर सांगत फिरायचं. ढोर मेलं की निरोप उलट्या दिशेने यायचा, गावातून महारवाड्यात, आणि तो निरोप नव्हता, हुकूम होता. मित्रांनो, फोन नव्हता तेव्हा फोन आपले आजे-पणजे होते. त्याचं बिल गाव भाकरीच्या तुकड्यांत आणि हाडोळीच्या जमिनीत चुकतं करत होतं.

बाबासाहेबांना हे काम नेमकं काय आहे ते कळलं होतं. म्हणून 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं आणि महार वतनाची गुलामी सोडा असं समाजाला बजावत राहिले. कायद्याने हे वतन संपलं ते 1958 च्या कायद्याने, ते गेल्यानंतर. रिवाजाने कधी संपलं ते प्रत्येक गावाचं गाव जाणे.

सगळ्या गावाच्या बातम्या वाहणाऱ्या या माणसाची स्वतःची बातमी मात्र कुठेच जात नव्हती. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा म्हटलं तरी 'केसरी'ने छापली नाही. शंभर वर्षांपूर्वीचं सोडा. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. तीनच दिवसांनी शेजारच्या नागपुरात, दीक्षाभूमीवर, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखोंचा समाज जमला होता. त्यातल्या बहुतेकांना या चार प्रेतांची खबरच नव्हती. पेपरात आलं ते अनैतिक संबंधातून झालेलं हत्याकांड म्हणून. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्यशोधन केलं, हातोहात अहवाल फिरवले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात मोर्चे पेटले, आणि लगेच त्यांच्यामागे नक्षलवाद्यांचा हात शोधला गेला. हा महिनाभराचा उशीर लक्षात ठेवा. 'फोनशिवायचा निवांत काळ' म्हणतात तो हाच.

उलट 11 जुलै 2016 ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच माज म्हणून काढला आणि पसरवला. तोच व्हिडिओ त्यांच्यावर उलटला. काही दिवसांतच सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मेलेली जनावरं आणून टाकली गेली. ढोर उचलायचा हुकूम शतकानुशतकं एका दिशेने येत होता, त्याला उत्तर गेलं.

म्हणून तर आपल्या हातातला फोन खुपतो. मे 2015 मध्ये शिर्डीत एका तरुणाचा खून झाला, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. मारणाऱ्यांच्या खिशातही मोबाईल असणारच. मोबाईलवर त्यांचा राग नव्हता.

आता कोणी विचारील, तुम्हाला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही का? आठवतं ना. वस्तीत एकच टेपरेकॉर्डर असायचा आणि वामनदादांच्या गाण्यांची कॅसेट गुंतली की पेन्सिल घालून फिरवायला चार जण धावायचे. सहा डिसेंबरला दादरला जायचं, येताना पुस्तकांच्या स्टॉलवरून दहा-वीस रुपयांची पुस्तकं आणायची, ती वर्षभर विहारात मोठ्याने वाचली जायची. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते म्हातारे पुढे बसायचे आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे. शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचे खंड छापायला घेतले. एक खंड हाती लागला की तो वस्तीभर फिरायचा, पानं सुटेपर्यंत. आज सगळे खंड फोनमध्ये फुकट आहेत. आपल्यातल्या किती जणांनी डाऊनलोड केलेली फाईल उघडली? हा टोमणा आम्हाला स्वतःलाही लागू आहे. विहारातली ती बैठक मोडली याचं दुःख आम्हाला खरंच आहे. पण ती मोबाईलने मोडली असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पहिली पिढी नोकरीला लागून कॉलनीत राहायला गेली तेव्हाच निम्मी मोडली होती, आणि तेव्हा कोणाच्याही खिशात मोबाईल नव्हता. ते बंधू रागावतील, रागावू देत.

तर तो मेसेज पुन्हा आला की अंगठा देऊ नका. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी हयात असेल तर त्यांच्यापाशी बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: सांगावा घेऊन किती कोस गेलात, कोणत्या गावाला, रात्री कुठे झोपलात, बदल्यात काय मिळालं, शेवटचा सांगावा कोणत्या साली नेला आणि पुढच्याला नाही कसं म्हणालात. आजीलाही विचारा, कारण तो परत येईपर्यंत घर तिने कसं चालवलं हे अजून कोणी लिहिलेलं नाही. ते रेकॉर्डिंग त्याच ग्रुपवर टाका. ही माणसं दरवर्षी कमी होत आहेत, येत्या रविवारीच बसा.

जय भीम!